फिट थांबवणारे डॉक्टर मुद्दाम फिट का आणतात? अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधीच्या औषधांची गोष्ट

ज्या घरात कुणाला फिट येते, त्या घरात एक नियम सगळ्यांना पाठ असतो. गोळी चुकवायची नाही. लग्न असो, यात्रा असो, रानात ऊसतोड चालू असो, सकाळ-संध्याकाळची गोळी म्हणजे गोळी. आणि मग एक दिवस मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर सांगतात, "ॲडमिट व्हा. आपण गोळ्या कमी करू आणि फिट यायची वाट बघू."

बारामती किंवा इंदापूरहून तपासणीसाठी पुण्याला गेलेल्या कुटुंबाला हे ऐकून धक्का बसणं साहजिक आहे. इतकी वर्षं जी गोष्ट टाळली, तीच आता पैसे भरून आणायची? घाबरून काही जण परत फिरतात. त्याहून धोकादायक म्हणजे काहींना वाटतं, गोळ्या बंदच करायच्या तर आपल्या घरीच करून बघू.

तर हे नेमकं काय प्रकरण आहे? फिट मेंदूत कुठून सुरू होते ते शोधायला औषधं कशी वापरतात, आणि त्या औषधांवर किती विश्वास ठेवायचा?

शस्त्रक्रियेचा विषय येतोच कधी?

अपस्मार, मिरगी, फेफरं, आकडी, नावं अनेक असली तरी आजार मेंदूतल्या विजेचा आहे. मेंदूच्या पेशी एकमेकींशी अगदी सूक्ष्म विद्युत संदेशांनी बोलतात. काही पेशी एकदम, एका तालात आणि बेताल जोराने बोलायला लागल्या की फिट येते.

बहुतेकांना गोळ्यांनी आराम पडतो. पण साधारण तीनातल्या एका रुग्णाला पुरेसा फरक पडत नाही. योग्य निवडलेली दोन औषधं योग्य डोसमध्ये नीट घेऊनही फिट येत राहिली, तर डॉक्टर त्याला औषधाला दाद न देणारा अपस्मार म्हणतात. ही व्याख्या अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० साली मांडली. तिसरी, चौथी, पाचवी गोळी जोडत वर्षं काढण्याऐवजी शस्त्रक्रियेचा विचार करायची वेळ इथेच येते. प्रत्यक्षात मात्र लोक दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं गोळ्या बदलत राहतात.

शस्त्रक्रिया करायची तर दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. फिट मेंदूतल्या एकाच ठिकाणाहून सुरू होते का? आणि तो भाग काढला तर माणसाचं बोलणं, आठवण, हातपाय शाबूत राहतील का? एमआरआयमध्ये जुनी जखम, गाठ किंवा आक्रसलेला भाग दिसला तर काम सोपं होतं. पण एमआरआयमध्ये दिसलेला डाग आणि फिटचं उगमस्थान एकच असेल याची खात्री नसते. कित्येकदा एमआरआय अगदी नॉर्मल येतो. मग फिटलाच रंगेहाथ पकडावं लागतं.

गोळी काढून घेणं, हीसुद्धा एक तपासणी

यासाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे दीर्घकाळ चालणारा व्हिडिओ-ईईजी. डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटवतात, समोर चोवीस तास कॅमेरा असतो आणि रुग्ण काही दिवस, कधी आठवडाभर त्या खोलीत राहतो. फिट आली की शरीरात काय झालं आणि त्याच क्षणी मेंदूच्या लहरींत काय झालं, हे शेजारी-शेजारी ठेवून बघता येतं.

अडचण अशी की महिन्यातून दोनदा येणारी फिट नेमकी त्याच आठवड्यात कशी येणार? म्हणून गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी करतात. जोडीला रात्री जागवतात, जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांसमोर दिव्याची उघडझाप करतात. साधारणपणे एका फिटवर निकाल देत नाहीत. नेहमीच्या धाटणीच्या काही फिट्स नोंदल्या गेल्या आणि त्या सगळ्या एकाच जागेकडे बोट दाखवत असल्या, तर डॉक्टरांचा विश्वास बसतो.

कुठली गोळी किती वेगाने कमी करायची हा अनुभवाचा भाग आहे. फिनोबार्बिटोन, क्लोबाझाम, क्लोनाझेपाम या औषधांची मेंदूला इतकी सवय झालेली असते की ती एकदम काढली तर मेंदू उसळतो. एकामागून एक फिट येऊ शकते, किंवा एकच फिट थांबता थांबत नाही. मोठी फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली की ती आणीबाणी. म्हणूनच त्या खोलीत शिरेत सुई आधीच लावलेली असते, लोराझेपाम किंवा मिडाझोलाम हाताशी असतं, पलंगाला कठडे असतात आणि पडद्यावर कुणाचं तरी सतत लक्ष असतं.

घरी यातलं काहीच नसतं. इंदापूर पुण्यापासून जवळपास १४० किलोमीटर, बारामती साधारण १००. नीरा डाव्या कालव्याच्या कडेला, विहिरीवर, मोटरसायकलवर किंवा चुलीपाशी आलेली फिट ही तपासणी नव्हे, अपघात आहे. आणि घरी गोळ्या बंद करून आलेल्या फिटचा निदानासाठी काडीचाही उपयोग नाही, कारण तेव्हा मेंदूची नोंद घेणारं कुणी नसतं.

रुग्णालयातही ही पद्धत बिनचूक नाही. गोळ्या फार झपाट्याने कमी केल्या तर फिट एवढी जोरात आणि लवकर पसरते की सुरुवात कुठे झाली तेच दिसत नाही. गावभर पेटल्यावर आग पहिल्यांदा कुणाच्या गंजीला लागली हे सांगणं जसं अवघड, तसंच. शिवाय गोळी काढल्यामुळे कधी वेगळ्याच प्रकारची फिट येते, जी रुग्णाला एरवी येतच नाही. म्हणून डॉक्टर नोंदलेली फिट घरच्यांना दाखवून विचारतात, "ताई, याला नेहमी अशीच येते का?" या उत्तराचं वजन मोठं असतं.

फिट न आणता तिचा ठसा घेणारं औषध

काही औषधं फिट आणत नाहीत आणि थांबवतही नाहीत. ती फक्त जागा दाखवतात.

फिट सुरू होते तिथे रक्तप्रवाह एकदम वाढतो. त्या क्षणी शिरेतून टेक्नेशियम-९९एम नावाचा किरणोत्सारी अणू जोडलेलं औषध दिलं, तर ते रक्ताबरोबर मेंदूत जातं आणि जिथे रक्त जास्त तिथे जास्त अडकून बसतं. एकदा बसलं की हलत नाही. फिट संपल्यावर रुग्णाला शांत करून, तासा-दोन तासांनी यंत्राखाली नेलं तरी फोटो फिटच्या वेळचाच येतो. टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं असल्यामुळे एवढी सवड मिळते. या तपासणीला स्पेक्ट म्हणतात.

ऐकायला सोपं, करायला महाकठीण. फिट बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आटपते. औषध हातातून मेंदूपर्यंत पोहोचायला काही सेकंद जातात. त्यामुळे कुणीतरी प्रशिक्षित माणूस भरलेली सिरिंज घेऊन पलंगाशेजारी तासन्‌तास बसतो आणि पहिली हालचाल दिसताच औषध सोडतो. अर्धा मिनिट उशीर झाला तर औषध फिटचा उगम नाही, तिचा पुढचा मुक्काम दाखवतं. नंतर फिट नसतानाचा दुसरा फोटो काढतात आणि संगणकावर एकातून दुसरा वजा करतात. उरतो तो फरक एमआरआयवर बसवतात.

पेट स्कॅनचं तर्कशास्त्र याच्या उलट आहे. त्यात फ्लोरिन-१८ लावलेली साखर देतात. एरवी, म्हणजे फिट नसताना, आजारी भाग आळशी असतो आणि साखर कमी खातो, त्यामुळे तो फोटोत अंधुक दिसतो. या फ्लोरिनचं अर्धायुष्य जेमतेम ११० मिनिटं, म्हणजे ते सायक्लोट्रॉनमध्ये तयार करून लगेच वापरावं लागतं. भारतात पेट स्कॅनची सुरुवात २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली. साखर मेंदूत मुरत असतानाच नकळत एखादी फिट आली, तर तोच अंधुक भाग उजळ दिसू शकतो आणि सगळं चित्र फिरतं. म्हणून तेव्हाही ईईजीवर लक्ष ठेवावं लागतं.

कापरापासून सुरू झालेली गोष्ट

आता येतो खरा वादाचा प्रकार, इंजेक्शन देऊन फिट आणणं.

१९३४ मध्ये बुडापेस्टचे डॉक्टर लादिस्लास मेदुना मनोरुग्णांवर उपचार म्हणून मुद्दाम फिट आणत होते. त्यांनी आधी वापरला कापूर. हो, आपला देवापुढचा कापूर. तेलात विरघळवून ते त्याचं इंजेक्शन देत. नंतर ते पेंटेट्राझोलकडे वळले, जे कार्डिअझोल आणि मेट्राझोल या नावांनी विकलं जाई. मेंदूत पेशींना गप्प बसवणारी जी रासायनिक यंत्रणा असते, तिलाच हे औषध अडवतं.

(जाता जाता: कापराचा हा गुण आजही लागू आहे. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना फिट येऊ शकते. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी कापूर आणि निलगिरी असलेल्या तेल-बामांचा फिटशी संबंध दाखवणारे अभ्यास प्रसिद्ध केले आहेत. घरात अपस्माराचा रुग्ण असेल तर छातीला चोळायच्या बामच्या डबीवरची यादी एकदा वाचा.)

ईईजी यंत्र आल्यावर १९४० च्या दशकात संशोधकांनी हेच औषध वेगळ्या कामाला लावलं. थोडं-थोडं द्यायचं आणि मेंदूच्या लहरींत पहिली ठिणगी कुठे पडते ते बघायचं. पुढे पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात जाँ तालैराख आणि जाँ बाँको यांनी कवटीतून मेंदूत खोलवर बारीक इलेक्ट्रोड घालायची पद्धत उभी केली. बाँको यांच्या गटाने बेमेग्राइड हे दुसरं औषध देऊन फिट आणली आणि ती आतून नोंदली.

पण एक गोष्ट सतत खटकत राहिली. पेंटेट्राझोलसारखं औषध पुरेसं दिलं तर धडधाकट माणसालाही फिट येते. मग रुग्णाला आलेली फिट त्याच्या आजाराची की औषधाची? काही रुग्णांत दोन्ही फिट्स हुबेहूब जुळल्या, काहींत औषधाने भलतीच जागा पेटवली. चुकीच्या जागेवर विश्वास ठेवला तर सर्जन निरोगी मेंदू काढणार आणि फिट तशीच राहणार. अमेरिकेच्या औषध नियामकाने १९८२ मध्ये पेंटेट्राझोलची मान्यता काढून घेतली. युरोपातल्या मोजक्या केंद्रांमध्ये मात्र ते शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत नंतरही वापरलं गेलं, विशेषतः स्पेक्टबरोबर. फिट ठरलेल्या वेळी आणता आली तर सिरिंज घेऊन दिवसभर बसावं लागत नाही, हा त्यामागचा व्यवहारी विचार. आज मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेले असतील तर औषधाऐवजी त्यांतूनच सौम्य वीज देऊन फिट जागी करतात. ती कुठे दिली हे मिलिमीटरमध्ये माहीत असतं. औषध मात्र सगळ्या मेंदूत जातं.

भूल देणारा डॉक्टरही या शोधात सामील असतो

कवटी उघडल्यावर सर्जन मेंदूच्या पृष्ठभागावर थेट इलेक्ट्रोड ठेवून नोंद घेतात. इथे फिट यावी अशी अपेक्षा नसते. दोन फिट्सच्या मधल्या काळात आजारी भागातून ज्या टोकदार लहरी उठतात, त्या शोधायच्या असतात. गंमत अशी की भूल स्वतःच या लहरी दाबून टाकते. म्हणून भूलतज्ज्ञ त्या वेळी गुंगी हलकी करतात.

लहरी तरीही दिसल्या नाहीत तर त्या चेतवणारी औषधं आहेत. मेथोहेक्सिटल, एटोमिडेट, अल्फेंटानिल, रेमिफेंटानिल ही सगळी एरवी भुलीत किंवा वेदना कमी करायला वापरली जातात. यातलं मेथोहेक्सिटल हे बार्बिट्युरेट गटातलं, म्हणजे वर्षानुवर्षं फिट थांबवायला दिल्या जाणाऱ्या फिनोबार्बिटोनचं चुलत भावंडच. एक भाऊ आग विझवतो, दुसरा ठिणगी पाडतो.

याच घराण्यातलं तिसरं औषध थायोपेंटल, भुलीचं जुनं पेंटोथाल. त्याची चाल आणखी वेगळी. ते दिल्यावर निरोगी मेंदूत जलद लहरी उमटतात. जो भाग आजारी असतो, तिथे त्या नीट उमटत नाहीत. म्हणजे शेतात पाणी सोडल्यावर जिथे पीक तरारलं नाही ती जागा हेरायची.

पण या चेतवलेल्या लहरींनाही तीच मर्यादा आहे. औषधाने उठलेल्या लहरी अनेकदा फिटच्या खऱ्या उगमापेक्षा जास्त भागात पसरतात. त्यामुळे निव्वळ त्यांच्या भरवशावर किती मेंदू काढायचा हे ठरवलं जात नाही. आधीच्या तपासण्यांनी जी जागा दाखवली तिला दुजोरा मिळतो का, एवढंच बघतात.

अर्धा मेंदू काही मिनिटं झोपवला तर?

उगम सापडला. आता तिथे भाषा किंवा आठवण राहते का? हा प्रश्न खास करून कानशिलाच्या आतल्या भागाच्या शस्त्रक्रियेत येतो.

जपानचे डॉक्टर जुन वाडा यांनी १९४९ मध्ये यावरची चाचणी मांडली. मांडीतल्या धमनीतून बारीक नळी मानेतल्या धमनीपर्यंत नेतात आणि एका बाजूला अमोबार्बिटल सोडतात. मेंदूचा तेवढा अर्धा भाग काही मिनिटं झोपतो. रुग्ण दोन्ही हात वर धरून आकडे मोजत असतो. औषध पोहोचताच उलट्या बाजूचा हात खाली पडतो. जागा असलेला अर्धा मेंदू आता एकटा आहे. त्याला चित्रं दाखवतात, नावं विचारतात, आणि औषध उतरल्यावर काय काय आठवतं ते बघतात.

यात भाषा महत्त्वाची. घरात आणि रानात मराठीच बोलणाऱ्या माणसाची इंग्रजीत परीक्षा घेतली तर मेंदू नापास होतो की भाषा, हेच कळणार नाही. अमोबार्बिटलचा तुटवडा झाल्यावर काही ठिकाणी त्याजागी एटोमिडेट किंवा मेथोहेक्सिटल आलं. नळी घालण्यात पक्षाघाताची थोडी जोखीम असते. त्यामुळे भाषेची बाजू शोधण्यासाठी आता अनेक केंद्रं फंक्शनल एमआरआयवर भागवतात आणि वाडा चाचणी मोजक्यांनाच करतात.

एवढा खटाटोप करून फायदा किती?

भारतात अपस्माराची शस्त्रक्रिया नवी नाही. मॉन्ट्रियलला शिकून आलेले डॉ. जेकब चांडी यांनी १९५२ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये ती सुरू केली.

भक्कम पुरावा दिल्लीच्या एम्सचा आहे. २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात औषधाला दाद न देणाऱ्या अपस्माराची, १८ वर्षांपर्यंतची ११६ मुलं होती. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने ५७ जणांची शस्त्रक्रिया झाली आणि ५९ जण गोळ्यांवरच राहिले. वर्षभराने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलं फिटमुक्त होती, दुसऱ्या गटात ७ टक्के. याची किंमतही होती. शस्त्रक्रिया झालेल्या काही मुलांच्या एका बाजूच्या हातापायात कमजोरी आली. हे दोन्ही आकडे डोळ्यांसमोर ठेवूनच कुटुंबाने निर्णय घ्यायचा असतो.

निर्णय एका रिपोर्टवर होत नाही. मेंदूविकारतज्ज्ञ, सर्जन, रेडिओलॉजिस्ट, मानसशास्त्रज्ञ एका टेबलाशी बसतात. फिटचा व्हिडिओ, ईईजी, एमआरआय, पेट किंवा स्पेक्ट, सगळे एकाच जागेकडे बोट दाखवतात का, हे तपासतात. दाखवत नसतील तर कवटीच्या आत इलेक्ट्रोड घालून पुन्हा शोध, किंवा स्पष्ट नकार. नकार म्हणजे तपासणी वाया गेली असं नाही. भलत्या ठिकाणी चाकू लागणं टळलं.

बारामती-इंदापूरहून निघताना

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गोळ्यांचा उपचार आणि पुढची चिठ्ठी यांची सुरुवात जवळच्या सरकारी रुग्णालयातून करता येते. पण शस्त्रक्रियेआधीच्या या तपासण्यांसाठी मोठं केंद्र लागतं. पुण्यात दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात, मुंबईत पालिकेच्या केईएममध्ये अपस्माराच्या शस्त्रक्रिया होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातला कोणता खर्च बसतो, हे भरती होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. शस्त्रक्रिया आणि तिच्याआधीची तपासणी हे दोन वेगळे खर्च आहेत, प्रश्नही दोन्हींबद्दल वेगवेगळा विचारा.

सोबत न्यायची सगळ्यात मोलाची वस्तू फुकट आहे, फिटचा मोबाइलवरचा व्हिडिओ. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, तोंडात चमचा घालणं यातलं काही करू नका. माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं धोकादायक सामान हलवा आणि दुसऱ्याला शूटिंग करू द्या. सुरुवातीचे क्षण सगळ्यात महत्त्वाचे. मान आधी कोणत्या बाजूला वळली, कोणता हात आखडला, बोलणं थांबलं की चालू होतं. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर शूटिंग सोडा आणि १०८ ला फोन करा.

आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं, डोस आणि त्या का बदलल्या याची यादी लिहून घ्या. जुन्या चिठ्ठ्या फेकलेल्या असतील तर मेडिकलवाल्याकडच्या बिलांवरूनही बरंच सापडतं. भरती होईपर्यंत गोळ्या नेहमीप्रमाणे चालू ठेवायच्या, तपासणी संपली की डॉक्टर त्या पुन्हा सुरू करतात, आणि घरी सोडताना डोस बदलला असेल तर तो कागदावर लिहून मागायचा. ज्यांची शस्त्रक्रिया होते त्यांच्याही गोळ्या दुसऱ्या दिवशी सुटत नाहीत. फिट आली नाही तरी साधारण वर्ष-दोन वर्षं त्या चालू राहतात आणि मग एकेक करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी होतात.